‘मला उमजलेले बालगंधर्व’

एका गायकाने गाजविलेले पद दुसऱ्या गायकाने गावे की नाही, आणि गावयाचे तर कोणत्या रीतीने गावे, हा प्रश्न संगीताच्या व्यवहारात फार जुना आहे. इंग्रजीत अशा पुनर्गायनास ‘कव्हर’ असे सुटसुटीत नाव मिळाले असून पाश्चात्य देशांत तो एक मोठा व्यवसाय होऊन बसला आहे. बॉब डिलन हा नामांकित अमेरिकन गायक. त्याची सारी कीर्ती स्वतः रचिलेल्या गीतांवर उभी. परंतु वयाची त्र्याहत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर, २०१५ साली, त्याने फ्रँक सिनात्रा या पूर्वसूरीने गायिलेली दहा गीते आपल्या खरखरीत कंठाने गाऊन त्यांचा एक संच प्रसिद्ध केला. ज्याच्यापाशी स्वतःचे भांडार भरलेले आहे, त्याने उतारवयात दुसऱ्याच्या भांडाराकडे का वळावे? महाराष्ट्रात हाच प्रश्न त्यापूर्वी सुमारे अर्धशतक उपस्थित झाला होता, आणि तो उपस्थित करणारे गायक होते देवासचे कुमार गंधर्व. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी बालगंधर्वांच्या नाट्यपदांचा एक कार्यक्रम सिद्ध केला. पुढे त्याची दीर्घ ध्वनिमुद्रिकाही निघाली. त्या उपक्रमाचे नाव होते ‘मला उमजलेले बालगंधर्व’.

या पाच अक्षरी क्रियापदात, ‘उमजलेले’ या शब्दात, एक संपूर्ण विचार साठविलेला आहे. तो ध्यानी येण्यास आधी मूळ पुरुष कोण होता आणि त्याच्या गाण्याचे पुढे काय झाले, हे पाहिले पाहिजे.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांचा जन्म १८८८ सालचा. ‘बालगंधर्व’ ही पदवी लोकमान्य टिळकांनी दिली, अशी कथा सर्वश्रुत आहे. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि मिरजेस शकुंतलेच्या भूमिकेत रंगभूमीवर उभे राहिले. येथे एक गोष्ट सहसा विसरली जाते. ही शकुंतला त्यांची नव्हती. ‘शाकुंतल’ नाटक अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली रंगभूमीवर आणले होते. आणि स्त्रीभूमिकांतील गायनाने भाऊराव कोल्हटकर यांनी प्रेक्षकांस वेड लावले होते. १९०१ साली भाऊराव निवर्तले आणि त्यांची जागा कोण भरून काढणार, ही चिंता मंडळीस पडली. म्हणजे ज्यांच्या गाण्याचे पुढे सर्वांनी अनुकरण केले, त्या बालगंधर्वांचा आरंभच मुळी दुसऱ्याची पदे गाण्यापासून झाला. भाऊरावांचा चढा आणि पल्लेदार आवाज त्यांच्यापाशी नव्हता. त्यांनी तो आणण्याचा प्रयत्नही केला नाही. आपल्या मृदू कंठास साजेल अशी निराळी वाट त्यांनी काढली.

१९१३ साली गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. १९१६ साली खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ आले. त्यातील पदांना भास्करबुवा बखले यांच्या चाली लाभल्या. बुवांनी नत्थनखाँ, अल्लादियाखाँ अशा थोर उस्तादांची विद्या पचविली होती, आणि त्या विद्येतील यमन, भूप, बिहाग, भीमपलास हे राग ‘स्वयंवरा’च्या रुक्मिणीच्या मुखातून घरोघर पोचले. ज्या गृहस्थांनी आयुष्यात कधी ख्यालाची बैठक ऐकली नव्हती, तेही यमनाची वाट गुणगुणू लागले. १९१९ साली गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आले. त्यातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचिली, आणि सिंधूच्या पदांसाठी चाली मिळाल्या त्या सुंदराबाई जाधव या गुणी गायिकेकडून. ठुमरी-गझलेच्या घरातून आलेल्या त्या चाली एका सोशिक मराठी गृहिणीच्या तोंडी इतक्या शोभल्या, की त्यांचे माहेर कोणास आठवले नाही.

तात्पर्य असे की नाट्यसंगीतात ‘मूळ’ म्हणून जे आपण डोक्यावर घेतो, तेही बहुधा पूर्वी कोणीतरी गायिलेलेच असते. मैफलीतील चीज नाटकात आली, तिचे शब्द पालटले, प्रसंग पालटला, आणि ती नवी झाली. ती उसनी वाटली नाही याचे कारण एवढेच की बालगंधर्वांनी ती नुसती घेतली नव्हती. ती कळून घेतली होती. पदातील शब्द कोणाच्या मुखातला, कोणत्या क्षणीचा, त्यात लाज किती आणि मान किती, याचे भान त्यांच्या प्रत्येक हरकतीत असे. लयीशी त्यांचे नाते तर विलक्षण होते. तबल्यावर अहमदजान थिरकवाँसारखा कसबी आणि सारंगीवर कादरबक्ष. अशा साथीत गाताना ते तालाशी झुंज घेत नसत. बोलत बोलत, सहज घरी परतावे तसे ते समेवर येत.

आता त्या गाण्याचे पुढे काय झाले ते पाहावे. हिंदुस्थानात ग्रामोफोनचे ध्वनिमुद्रण १९०२ साली सुरू झाले आणि अल्पावधीत त्याचा प्रसार झाला. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. रंगभूमीवर मात्र ‘वन्स मोअर’ मिळत मिळत तेच पद कितीतरी वेळ चाले, आणि दर वेळी नवीन वळणे घेई. म्हणजे तबकडीवर आले ते पदाचे एका दिवशीचे, एका क्षणीचे, आणि तेही आखडलेले रूप. परंतु यंत्राचा गुण असा की ते तेच रूप हजार वेळा तसेच्या तसे ऐकविते. हजार वेळा ऐकल्यावर श्रोत्यास वाटू लागते की पद ते हेच. यात एक मुरकी इकडची तिकडे झाली तर तो अपराध होय. ज्या गायकाने एक पद दोन दिवस सारखे गाइले नाही, त्याच्या गाण्यास अशा रीतीने कायमचा साचा प्राप्त झाला.

त्या साच्यातून मग अनुकरण करणारे निपजले. एक पिढीच्या पिढी बालगंधर्वांसारखे गाऊ लागली. तोच लाडिक उच्चार, तोच स्वर हेलकावण्याचा ढंग, तीच मान वेळावणे. ज्यांच्या अंगी स्वतंत्र तेज होते असे काही, उदाहरणार्थ छोटा गंधर्व, या ऋणातून आपली वाट काढून गेले. परंतु बाकीच्यांचे काय झाले? त्यांनी लकबी उचलल्या. लकब ही गायकाच्या देहाची छाया असते; देह नसेल तर छायेला उभे राहण्यास जागा नाही. दरम्यान खुद्द बालगंधर्वांचे दिवस पालटले होते. बोलपट आले, कर्ज वाढले, मंडळीचे वैभव ओसरले. १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात त्यांनी एकनाथांचे काम केले. परंतु पडद्यावर त्यांचे मन रमले नाही. उतारवयात पाय अधू झाले आणि रंगभूमी सुटली. १९६४ साली त्यांना पद्मभूषण किताब मिळाला, आणि १५ जुलै १९६७ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या अखेरच्या वर्षांत महाराष्ट्रात बालगंधर्वांची आठवण सर्वत्र होती, नकलाही सर्वत्र होत्या. परंतु त्यांच्या गाण्याचा विचार फारसा कोठे दिसत नव्हता.

नेमक्या याच ठिकाणी कुमार गंधर्वांचे चरित्र बोधप्रद ठरते. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हे त्यांचे मूळ नाव. ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी गावी त्यांचा जन्म झाला. लहानपणी त्यांचा लौकिक झाला तो कशासाठी? तर अनुकरणासाठीच. सात-आठ वर्षांचे हे मूल थोरामोठ्या गवयांच्या तबकड्या ऐके आणि त्या स्वरशः, हरकतीसुद्धा, गाऊन दाखवी. लोक थक्क होत. त्याच कौतुकापोटी एका मठाधिपतींनी ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली, आणि १९३५-३६ च्या सुमारास अलाहाबाद व मुंबई येथील परिषदांत या बालकाने मोठमोठ्या कलावंतांकडून शाबासकी मिळविली. अनुकरणाच्या विद्येत यापुढे जावयास जागाच नव्हती. पुढे ते मुंबईस प्रा. बी. आर. देवधर यांच्या विद्यालयात शिकू लागले. देवधर मास्तरांनी अनेक घराण्यांचे गाणे डोळसपणे पारखले होते. त्यांच्यापाशी राहून या मुलाला हळूहळू कळू लागले की आपण गातो ते कोणाचे तरी आहे, आणि आपले असे त्यात काही नाही. ज्या वयात इतर मुले अनुकरण करू लागतात, त्या वयात कुमारांना अनुकरण सोडण्याची विद्या शिकावी लागली.

त्यानंतर दैवाने घाला घातला. १९४७ साली क्षयाने त्यांना गाठले. कोरड्या हवेसाठी १९४८ च्या जानेवारीअखेर ते माळव्यात देवास येथे राहावयास गेले. सुमारे पाच वर्षे गाणे बंद होते. नव्या औषधांनी प्राण वाचले, परंतु एक फुप्फुस निकामी झाले. गवयाचे सारे भांडवल श्वासात, आणि तेच निम्मे उरले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानी माळव्यातील बायाबापड्यांची गाणी येत. त्या साध्या धुनांत राग कसा दडलेला असतो, याचा त्यांनी तेथे ध्यास घेतला. आणि बरे झाल्यावर त्यांतून नवीन राग उभे केले. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत आले ते निराळेच गवई होऊन. लांब दमसासाची तान गेली होती. तिच्या जागी लहान लहान, धारदार स्वरवाक्ये आली होती, आणि दोन वाक्यांमधल्या शांततेलाही अर्थ आला होता.

अशा गायकाने बालगंधर्वांची पदे गावयास घ्यावी, हे वरवर पाहता विपरीत होते. एकाचा कंठ वाहता, मृदू, स्त्रीभूमिकेत घडलेला. दुसऱ्याचा मोजक्या श्वासाचा, टोकदार, एकाएकी वर झेप घेणारा. हुबेहूब नक्कल करण्याचे बाळपणचे सामर्थ्य स्मरणात असेल, परंतु देहात तो दम राहिला नव्हता. तरीही त्यांनी हा विषय घेतला, वर्षानुवर्षे त्याचे चिंतन केले, आणि मग त्यास ते अर्थपूर्ण नाव दिले.

त्या नावाचे जरा व्याकरण पाहू. पहिला शब्द ‘मला’. हा नम्रतेचा शब्द आहे आणि धैर्याचाही. बालगंधर्व हे असे होते, असा निवाडा त्यात नाही. माझ्या दृष्टीस जेवढे दिसले तेवढे, अशी मर्यादा आहे. परंतु त्याबरोबर, दिसले ते माझ्या डोळ्यांनी, अशी जबाबदारीही आहे. दुसरा शब्द ‘उमजलेले’. ‘समजणे’ आणि ‘उमजणे’ यांत मराठी भाषेने सूक्ष्म भेद राखला आहे. दुसऱ्याने समजावून दिले म्हणजे समजते. उमजावयाचे ते ज्याचे त्याला, आतून, आणि बहुधा उशिरा. तिसरा शब्द ‘बालगंधर्व’. ‘बालगंधर्वांची पदे’ असे त्यांनी म्हटले नाही. पदे ही वस्तू आहेत, ती कोणासही उचलता येतात. त्यांना गावयाची होती ती त्या पदांमागील दृष्टी.

मग प्रत्यक्ष गायनात काय झाले? पदाचे शब्द तेच राहिले, राग तोच, ठेकाही ओळखीचा. परंतु बालगंधर्व जेथे एका ओघात वाहत, तेथे कुमार थांबत आणि तो शब्द उजेडात धरीत. लाडिक लकबी त्यांनी गाळल्या. ठेवले ते काय, तर शब्दाला स्वराच्या पोटात घेण्याची रीत, बोलण्याच्या सहजतेने समेवर येण्याची हातोटी, आणि स्वराच्या बारीक छटेवरचा अचूक कटाक्ष. श्रोत्याला एकाएकी जाणवे की बालगंधर्वांचे मोठेपण आवाजाच्या गोडीत जेवढे होते तेवढेच बुद्धीतही होते. लोकांनी ज्याला केवळ माधुर्य मानले होते, त्याच्या मुळाशी पक्का विचार होता. हे दाखवून देण्यास गोड गळा उपयोगी पडला नसता. गोडी बाजूस सारल्यावरच तो विचार दिसावयाचा होता. येथे दीर्घ ध्वनिमुद्रिकेचाही उपयोग झाला. तीन मिनिटांची जुनी तबकडी जाऊन वीस-बावीस मिनिटांची बाजू आली होती. त्यामुळे आखडलेल्या पदास पुन्हा पाय पसरता आले.

याविरुद्ध एक आक्षेप घेता येतो, आणि तो हलका नाही. रुक्मिणी किंवा सिंधू यांचे पद हे त्या पात्राचे आहे. रंगभूमी, प्रसंग, प्रकाश, शालूचा पदर हे सारे वजा करून केवळ स्वर उरविले, तर नाट्यपदातील नाट्य कोठे राहिले? मैफलीचा गवई नाट्यपद गातो तेव्हा तो त्याचा ख्याल करून टाकतो, असे जाणत्यांनी म्हटलेले आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. प्रसंगानुसार हुबेहूबपणाचीही गरज असते. २०११ साली ‘बालगंधर्व’ हा मराठी चित्रपट निघाला, तेव्हा पडद्यावरील नटाच्या मुखातून त्या काळाचाच भास होणे अवश्य होते. आनंद भाटे यांनी तेथे ते गायन अशा निष्ठेने केले की त्यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. तेव्हा अनुकरण सर्वथा त्याज्य, असा सिद्धान्त कोणी मांडू नये. चित्रकाराला पूर्वजाची तसबीर हुबेहूब काढावीच लागते. परंतु नातवाने आजोबांचा चेहरा लावून फिरावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. त्याच्या वागण्यात आजोबांचा विचार दिसला, म्हणजे घराणे चालले असे आपण म्हणतो.

शिवाय ज्यांच्यासाठी ही पदे पुन्हा गावयाची, त्या श्रोत्यांचाही विचार केला पाहिजे. कल्याणच्या पुढे कर्जतच्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही गावे लागतात. त्यांची दाट वस्ती बहुतांशी गंधर्व मंडळीचा काळ संपल्यानंतरची. तेथील बहुतेक कुटुंबांनी बालगंधर्व रंगभूमीवर पाहिलेले नाहीत. त्यांच्या घरी ते आले ते रेडिओतून आणि तबकडीतून. उल्हासनगर तर फाळणीनंतर लष्करी छावणीच्या जागेवर निर्वासित सिंधी बांधवांनी वसविलेले. १९४९ साली त्यास हे नाव मिळाले. घरदार मागे टाकून आलेल्या या समाजाने भगत कंवरराम यांची पदे मात्र बरोबर आणली. कंवरराम १९३९ सालीच मारले गेले होते. तरी त्यांची पदे पुढच्या गायकांच्या कंठांतून गायिली जात राहिली. ज्यांना मूळ गायक दिसावयाचा नाही, त्यांच्यासाठी दुसऱ्या कंठावाचून गत्यंतरच नसते.

अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चे आहे. त्याचे रक्षण करावयाचे म्हणजे त्याच्या दगडास हात लावू नये. गाण्याचा न्याय याच्या उलट आहे. गाणे हात न लावता ठेवले की मरते. ते दर पिढीत कोणी तरी नव्याने रचावे लागते. बदलापूर हे नाव, जुन्या काळी प्रवासातील घोडे तेथे बदलीत त्यावरून पडले, अशी लोकांत समजूत आहे. ती खरी असो वा नसो, दृष्टान्त म्हणून उत्तम आहे. स्वार तोच, निरोप तोच. थकलेला घोडा मात्र बदलावा लागतो. थकल्या घोड्याचीच चाल नव्या घोड्याने चालावी, असा हट्ट धरला तर निरोप पोचत नाही.

पुढे १९९२ साली लता मंगेशकर यांनीही सैगल, रफी, मुकेश, किशोरकुमार आदी गायकांची गीते गाऊन ‘श्रद्धांजली’ नावाचा संच प्रसिद्ध केला. त्याच वर्षाच्या १२ जानेवारी रोजी कुमार गंधर्व देवासला निवर्तले होते. या दोन उपक्रमांची नावे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. एकात वंदन आहे, दुसऱ्यात आकलन. वंदन सोपे आहे असे नव्हे. तेही मोठ्यांनाच शोभते. परंतु वंदनात समोरचा जेथे होता तेथेच राहतो. आकलनात तो एक पाऊल पुढे येतो, आणि पुढच्या पिढीच्या बरोबर चालू लागतो.

तबकड्या हुबेहूब गाऊन दाखविल्याबद्दल ज्या बालकास पदवी मिळाली, त्यानेच प्रौढपणी आपल्या पूर्वसूरीची तबकडी बाजूस ठेवली आणि त्याच्या गाण्याकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, यात या साऱ्या हकिकतीचे सार आहे. भाऊरावांची जागा बालगंधर्वांनी भाऊराव होऊन भरली नाही; बालगंधर्वांचे ऋण कुमारांनी बालगंधर्व होऊन फेडले नाही. जे घराघरांतून नाट्यपदे शिकतात आणि शिकवितात, त्यांनी आपल्या मुलांस तबकडी अवश्य ऐकवावी, हुबेहूब बसवूनही घ्यावी, कारण पाटी गिरविल्यावाचून अक्षर येत नाही. मात्र अक्षर आल्यावर एक दिवस विचारावे, ‘यातले तुला काय उमजले?’ आणि मूल जे गाईल ते निराळे असले, तरी धीराने ऐकून घ्यावे.